नागपूरहून विम्बल्डनला: तिकीट, रांग, गवत आणि शंभरी ओलांडलेलं सेंटर कोर्ट

विम्बल्डनला जायचं तर सेंटर कोर्टाचंच तिकीट हवं, नाहीतर जाण्यात अर्थ नाही, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. सोडतीत नाव आलं नाही की बेतच गुंडाळून ठेवतात. मला हे पटत नाही. टेनिसवर खरा जीव असेल तर पहिल्या आठवड्यातला एक दिवस साध्या ग्राउंड पासवर, म्हणजे बाहेरच्या छोट्या कोर्टांवर बसू देणाऱ्या तिकिटावर, काढा. टीव्हीवर जे कधीच कळत नाही ते तिथे कळतं. हा लेख त्याच हिशेबानं लिहिला आहे. आधी ती जागा काय आहे ते पाहू, कारण ते माहीत असलं की तिथल्या प्रत्येक भिंतीला अर्थ येतो. मग नागपुरातून निघण्यापासून पुढच्या पायऱ्या.

जागेचा इतिहास

विम्बल्डन भरवणारा ऑल इंग्लंड क्लब १८६८ साली स्थापन झाला तो क्रोकेसाठी, म्हणजे लाकडी हातोड्यानं चेंडू कमानींतून ढकलायच्या खेळासाठी. लॉन टेनिस मागाहून आलं आणि क्रोकेला मागे सारून बसलं. १८७७ साली क्लबला गवतावर फिरवायचा, घोड्यानं ओढायचा रोलर दुरुस्त करायला पैसे हवे होते, त्यासाठी स्पर्धा भरवली असं सांगतात. एकच प्रकार होता, पुरुष एकेरी. बावीस जणांनी नावं दिली. अंतिम सामन्याला एकेक शिलिंग मोजून सुमारे दोनशे माणसं आली आणि स्पेन्सर गोर जिंकला. महिला एकेरी १८८४ साली सुरू झाली. पहिली विजेती मॉड वॉटसन.

हे सगळं घडलं ते आजच्या जागेवर नाही, वर्पल रोडवर. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या सुझान लेंगलेनचा खेळ बघायला इतकी गर्दी लोटू लागली की जुनी जागा पुरेना. १९२२ साली क्लब चर्च रोडवर आला. स्टॅनले पीच या वास्तुविशारदानं नवं सेंटर कोर्ट उभारलं आणि राजे पाचवे जॉर्ज यांनी त्याचं उद्घाटन केलं. पैसा उभा केला तो डिबेंचर विकून: आज पैसे द्या, त्या बदल्यात ठरावीक वर्षं तुमची खुर्ची पक्की. ही पद्धत अजून चालू आहे. २०२६ ते २०३० या पाच वर्षांसाठी सेंटर कोर्टाच्या एका डिबेंचरची किंमत १,१६,००० पाउंड ठेवली गेली. आपल्यासारख्यांच्या खिशाचा तो विषय नाही, पण छतापासून नव्या कोर्टांपर्यंतची मोठी बांधकामं कोणाच्या पैशावर झाली ते यावरून ध्यानात येतं.

दुसऱ्या महायुद्धात क्लबच्या आवारात डुकरं आणि कोंबड्या पाळल्या गेल्या, मोटारी उभ्या करायच्या जागेत भाजीपाला लावला गेला. ११ ऑक्टोबर १९४० रोजी सेंटर कोर्टावर बॉम्ब पडला आणि बाराशे खुर्च्यांचा कोपरा गेला. १९४६ साली स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तरी डागडुजी पुरी व्हायला १९४९ उजाडलं. १९६८ साली व्यावसायिक खेळाडूंना दार उघडलं आणि पहिल्याच खुल्या वर्षी रॉड लेव्हर आणि बिली जीन किंग जिंकले.

सरकतं छत आलं २००९ साली. सुमारे हजार टनांचं हे छत साधारण दहा मिनिटांत बंद होतं, पण खेळ लगेच सुरू होत नाही. आतल्या हवेतली आर्द्रता ताब्यात यायला अर्धा तास तरी जातो, नाहीतर गवत निसरडं होतं. २०१५ च्या महिला दुहेरीच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये ५-५ अशी बरोबरी असताना हेच छत बंद करण्यात आलं. खेळ परत सुरू झाल्यावर सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस यांनी दोन गेम घेऊन सामना जिंकला.

आपल्या माणसांची नावं या जागेशी फार आधीपासून जोडलेली आहेत. १९३४ साली इथे सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव. त्यांच्या आई म्हणजे संस्कृत लेखिका पंडिता क्षमाबाई राव, आणि आजोबा वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित. मराठी घरातली ही मुलगी नव्वद वर्षांपूर्वी तिथल्या गवतावर जिंकली हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खरंच खंत वाटते. १९३९ साली गौस मोहम्मद उपांत्यपूर्व फेरीत पोचले. रामनाथन कृष्णन १९५४ साली मुलांचं विजेतेपद घेऊन आले आणि १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं पुरुष एकेरीच्या उपांत्य फेरीत खेळले. विजय अमृतराज १९७३ आणि १९८१ साली उपांत्यपूर्व फेरीत होते, तर कृष्णन यांचा मुलगा रमेश १९८६ साली. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९९ साली पुरुष दुहेरी जिंकली, ती तर टीव्हीवर बघणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

पायरी पहिली: तारीख ठरवा

स्पर्धा जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या दिवसांत सुरू होते आणि दोन आठवडे चालते. २०२२ पासून मधल्या रविवारीही खेळ होतो. नागपूरकर पालकांना इथेच अडचण येते. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात आणि त्या नेमक्या विम्बल्डनच्या तोंडावर येतात. मुलांना न्यायचं असेल तर शाळेत आधीच सांगून ठेवा, किंवा स्पर्धा सोडून द्या आणि मे महिन्याच्या सुटीत स्टेडियमची सफर करा. तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

स्पर्धेतच जायचं असेल तर पहिला आठवडा. सोमवार ते गुरुवार सकाळपासून बाहेरच्या कोर्टांवर एकेरी चालू असते, बुधवारच्या सुमारास दुहेरीही सुरू होते. दुसऱ्या आठवड्यात मोठे सामने मोठ्या कोर्टांवर जातात आणि बाहेर मुला-मुलींची स्पर्धा, व्हीलचेअर टेनिस असा खेळ राहतो. उद्याचे स्टार बघायचे असतील तर तोही चांगलाच, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं पहिलाच आठवडा धरावा.

पायरी दुसरी: तिकिटाच्या वाटा

पहिली वाट सोडतीची, तिकडे बॅलट म्हणतात. साधारण आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज करायचा असतो. भारतातूनही करता येतो. दिवस किंवा कोर्ट निवडता येत नाही. नाव निघालं तर जे मिळेल ते घ्यायचं किंवा सोडायचं. तिकीट ज्याच्या नावावर त्यानं स्वतः जायचं, दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून कोणी त्रयस्थ संकेतस्थळावर सोडतीतलं तिकीट चढ्या भावानं विकत असेल तर हात लावू नका. दारातून परत पाठवतील आणि पैसेही जातील. कायदेशीरपणे विकता येतात ती फक्त डिबेंचरची तिकिटं, आणि क्लबनं स्वतः विकलेली जेवणासकटची महाग पॅकेजेस.

दुसरी वाट रांगेची. मोठ्या क्रीडास्पर्धांमध्ये त्याच दिवशी दारात उभं राहून इतकं चांगलं तिकीट मिळण्याची सोय आता जवळपास कुठे उरलेली नाही. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर या तीन कोर्टांची प्रत्येकी सुमारे पाचशे तिकिटं रोज रांगेतल्यांसाठी ठेवलेली असतात. शेवटचे चार दिवस मात्र सेंटर कोर्टाची मिळत नाहीत. बाकी हजारो लोकांना ग्राउंड पास मिळतो. २०२४ साली पहिल्या आठ दिवसांत तो ३० पाउंडांना होता. संध्याकाळी लोक परतू लागले की कमी दरातही आत सोडतात.

तिसरी वाट आत गेल्यावरची. मोठ्या कोर्टावरून कोणी लवकर निघालं की ती जागा थोड्या पाउंडांत पुन्हा विकली जाते आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. ग्राउंड पास असलेल्यानं दुपारी तीननंतर फोनमधल्या अधिकृत अॅपवर या यादीत नाव घालायचं. संध्याकाळचा सेंटर कोर्टावरचा शेवटचा सामना असा पदरात पडू शकतो.

पायरी तिसरी: व्हिसा आणि सामान

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जायचं. मुंबई आणि पुण्याला केंद्रं आहेत. निकालाला साधारण तीन आठवडे धरा, पण उन्हाळ्यात गर्दी असते, तेव्हा एप्रिलमध्येच हात घाला. लंडनला मुंबई किंवा दिल्लीहून थेट विमान पकडणं सोपं. जूनअखेर पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून नागपूर ते मुंबई आणि पुढचं विमान यांत चांगले पाच-सहा तास ठेवा.

आता खाऊचं. आपण कोणाकडे जाताना संत्रा बर्फी नेणार नाही असं होत नाही, पण भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि खव्याची बर्फी त्यातच मोडते. चिवडा, शेव, चकली खुशाल न्या. रांगेत फार कामाला येतात.

कपड्यांबाबत नागपूरचा माणूस हमखास फसतो. आपला जून म्हणजे घामाच्या धारा, तर तिथली रांगेतली रात्र बारा-तेरा अंशांची. स्वेटर, कानटोपी, पातळ रेनकोट आणि खाली अंथरायला पाणी न झिरपणारी चादर हवीच. दुपारी ऊन लागतं, सावली थोडी, तेव्हा टोपी आणि क्रीमही ठेवा. खेळाडूंना पांढऱ्याची सक्ती आहे, साध्या जागांवरच्या प्रेक्षकांना नाही. आत एका माणसाला एकच पिशवी, आणि तीही ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या आतली. कडक कवचाची बॅग नको. सेल्फी स्टिकही नको.

पायरी चौथी: जाण्याआधी नागपुरातच डोळा तयार करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आपल्याला प्रेक्षक म्हणून घडवलं ते क्रिकेटनं. जामठ्याला पंचेचाळीस हजार लोक चेंडू पडता पडता ओरडत असतात, कोणीही कधीही उठून समोश्याला जातं. सेंटर कोर्टाची क्षमता त्याच्या तिसरा हिस्सा, सुमारे पंधरा हजार, आणि चेंडू खेळात असताना तिथे एवढी शांतता असते की जाळीला घासलेला चेंडू वरच्या रांगेतही ऐकू येतो. म्हणून आधी एखाद्या रविवारी सकाळी रामनगरच्या टेनिस कोर्टांवर जाऊन बसा. कोर्टाच्या लांबीच्या बाजूला न बसता बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे बसा आणि चेंडूकडे न बघता एकाच खेळाडूच्या पायांकडे बघा. दहा मिनिटांत कळतं की हा खेळ पायांचा आहे. विम्बल्डनच्या छोट्या कोर्टांवर नेमकं हेच बघायला मिळतं.

टीव्हीवर सराव करायचा तर वेळ लक्षात ठेवा. त्या दिवसांत आपलं घड्याळ लंडनच्या साडेचार तास पुढे असतं. बाहेरच्या कोर्टांवर अकराला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीनला खेळ सुरू होतो. एक नंबरवर तिथल्या एकला, सेंटर कोर्टावर दीडला.

पायरी पाचवी: रांग

भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइननं साउथफील्ड्सला उतरा. विम्बल्डन नावाचं स्टेशन वेगळं आहे आणि थोडं दूर पडतं. नावावर जाऊन पुष्कळ जण तिथे उतरतात. साउथफील्ड्सहून पंधरा मिनिटं चालत गेलं की विम्बल्डन पार्क, आणि तिथेच रांग. रेल्वेच्या तिकिटासाठी वेगळी यातायात नको, खिशातलं संपर्करहित कार्ड फाटकाला टेकवलं की झालं.

सेंटर कोर्ट हवं असेल तर आदल्या दिवशीच पोचावं लागतं आणि रात्र तंबूत काढावी लागते. तंबू दोन माणसांचाच. चूल, शेगडी चालत नाही. ग्राउंड पाससाठी मात्र सकाळी सहा-सातला पोचलात तरी पहिल्या आठवड्यातल्या साध्या दिवशी वेळेत आत जाता. प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि तोच तुमचा हक्क. मागून येणाऱ्या भावासाठी जागा धरता येत नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नाहीसे झालात तर क्रमांक जाऊ शकतो. निघण्यापूर्वीच अधिकृत अॅप फोनमध्ये घालून प्रत्येकाचं स्वतःचं खातं उघडून ठेवा. पॉवर बँक विसरू नका.

पहाटे पाच-साडेपाचला कर्मचारी तंबूंमधून फिरत सगळ्यांना उठवतात. ओल्या गवतावर तंबू गुंडाळणारी माणसं, दात घासायला लागलेली ओळ, कोणीतरी शेजाऱ्याला देऊ केलेला थर्मासमधला चहा. तंबू सामानघरात जमा करायचा आणि एकमेकांना लागून रांगेत उभं राहायचं. रांगेत कोणी घुसत नाही, आणि घुसलंच तर कर्मचाऱ्यांच्या आधी आजूबाजूचेच बोलतात. फाटक उघडतं दहाला. आवारात एका वेळी सुमारे बेचाळीस हजार माणसं मावतात.

पायरी सहावी: आत गेल्यावरचा दिवस

दहा ते अकरा हा तास फार मोलाचा. आदल्या संध्याकाळीच सामन्यांचं वेळापत्रक जाहीर होतं, ते बघून दोन सामने पक्के करून ठेवा. ग्राउंड पासवर तीन नंबरपासून अठरा नंबरपर्यंतच्या कोर्टांवर राखीव नसलेल्या जागांवर बसता येतं. फाटकातून थेट अठरा किंवा बारा नंबर गाठा, कारण साडेअकरानंतर तिथे बाहेर रांगा लागतात.

अठरा नंबरवर पोचलात की भिंतीवरची पाटी बघा. जून २०१० मध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू इथे तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले. पाचव्या सेटचा आकडा ७०-६८. मध्येच धावफलक ४७-४७ वर थांबला, कारण त्यापुढचे आकडे दाखवायची सोयच त्यात नव्हती. आता पाचव्या सेटमध्ये ६-६ झाले की दहा गुणांचा टायब्रेक होतो, त्यामुळे तो विक्रम मोडेल असं वाटत नाही. ती पाटी असलेलं कोर्ट इतकं लहान आहे की आत उभं राहिल्यावर विश्वास बसत नाही.

मग दुपारी चार नंबर ते सतरा नंबर या छोट्या कोर्टांमधल्या गल्ल्यांत फिरा. मी सांगतो आहे ते खरं बक्षीस इथे आहे. काही कोर्टांच्या कडेला एक-दोन बाकांच्या ओळी असतात आणि खेळाडू तुमच्यापासून चार-पाच हातांवर. सर्व्हिस करणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. अडवायला धावत आलेला बूट गवतावर घसरतो तेव्हा ओलं गवत चिरडल्याचा आवाज येतो, आणि दोन गेमनंतर बघाल तर त्याच्या टाचेला हिरवा डाग दिसतो. स्लाइस केलेला, म्हणजे खालून कापून मारलेला, चेंडू टप्पा पडल्यावर वर न येता खालून सरपटत जातो. टीव्हीवर तो नुसता कमी उसळल्यासारखा दिसतो, इथे मात्र समोरच्याला गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवावा लागतो.

गवताकडे जरा थांबून बघा. २००१ पासून इथे शंभर टक्के रायगवत आहे. त्याआधी त्यात तीस टक्के फेस्क्यू जातीचं गवत असायचं. रायगवत झीज जास्त सोसतं, खालची माती टणक राहते आणि उसळी एकसारखी मिळते. बेसलाइनवरून खेळणाऱ्यांना विम्बल्डन पूर्वीइतकं परकं राहिलं नाही याचं हे एक कारण. स्पर्धेत उंची आठ मिलिमीटर ठेवतात. पहिल्या सोमवारी सगळं हिरवंगार असतं, दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनच्या मागे मातीचे पट्टे पडतात. कबुतरांना हाकलायला रूफस नावाचा ससाणा सकाळी फाटक उघडण्याआधी फिरवतात.

नियम थोडे आणि कडक. गेम चालू असताना आत-बाहेर करता येत नाही, बाजू बदलण्याची वाट बघायची. फोन मुका, फ्लॅश बंद. समोरच्याच्या चुकीवर टाळ्या वाजवायच्या नसतात. २०२५ पासून रेषेवरचे पंच नाहीत, चेंडू आत की बाहेर ते यंत्र सांगतं.

संध्याकाळी एक नंबर कोर्टालगतच्या उतारावर या. टिम हेनमनच्या काळापासून लोक याला हेनमन हिल म्हणतात. मोठ्या पडद्यावर सेंटर कोर्टाचा सामना चालू असतो, चादर अंथरून सगळे बसलेले असतात. नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो. तीन नंतर अॅपवर घातलेलं नाव वर आलं का ते इथून बघत राहा.

खाण्यापिण्याचं

घरचं खाणं आत नेता येतं, आणि न्याच. पाणी भरायच्या जागा आहेत, रिकामी बाटली ठेवा. स्ट्रॉबेरी आणि क्रीम एकदा खा. २०१० ते २०२४ त्याची किंमत २ पाउंड ५० पेन्स अशी कायम होती, २०२५ मध्ये २ पाउंड ७० झाली, म्हणजे साधारण तीनशे रुपये. तिथल्या इतर भावांपुढे ही स्वस्तच. पैसे कार्डानं द्यायचे. तिखटाशिवाय ज्याचं पान हलत नाही त्यानं रात्री जवळच्या टूटिंग भागात जावं, तिथे दक्षिण भारतीय खाणावळी भरपूर आहेत. आणि टेकडी गणपतीला नारळ फोडून निघाला असाल तर विम्बल्डनमध्येही एफ्रा रोडवर घनपती मंदिर आहे, तिथे दर्शन घेऊन या.

स्पर्धेच्या दिवसांत जमलं नाही तर

वर्षभर स्टेडियमची मार्गदर्शकासह सफर असते, साधारण दीड तासाची, आणि त्याच तिकिटात संग्रहालयही. फक्त स्पर्धेच्या आगेमागे काही आठवडे ती बंद असते, तेव्हा तारखा संकेतस्थळावर बघूनच आरक्षण करा. वाटेत पत्रकार परिषदेची खोली दिसते आणि रिकाम्या सेंटर कोर्टाच्या खुर्च्यांवर बसता येतं. गवतावर पाय ठेवायचा नाही, त्याला हातही लावायचा नाही. रॉयल बॉक्समध्ये ७४ खुर्च्या आहेत, त्या समोरून नीट दिसतात.

संग्रहालय १९७७ साली, स्पर्धेच्या शताब्दीला सुरू झालं. तिथे पुरुषांचा करंडक जवळून बघा. तो १८८७ पासून दिला जातो आणि त्याच्या टोकावर अननस आहे. शेजारी महिलांचं व्हीनस रोझवॉटर ताट. दोन्हींपुढे गर्दी असते, म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या. फ्रेड पेरीचा पुतळाही आवारातच आहे: १९३४ ते १९३६ तीन वर्षं सलग जिंकलेला, आणि त्याच्यानंतर पुरुष एकेरी जिंकणारा ब्रिटिश थेट २०१३ सालचा अँडी मरे.

वेळ उरला तर विम्बल्डन स्टेशनाच्या बाजूनं वर्पल रोडला जा. १८७७ च्या जागेवर आता एका मुलींच्या शाळेचं मैदान आहे आणि जुन्या खुणेची पाटी. आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच बघावं लागतं, पण स्टेशनापासून चालत दहा-पंधरा मिनिटांचंच अंतर आहे आणि परतीची गाडी तिथूनच पकडता येते.